टाकीवरची रेघ

सूतदादाचं खरं नाव आमच्या गल्लीत फार थोड्यांना माहीत होतं. इंचाच्या आठव्या भागाला कारागीर लोक सूत म्हणतात, आणि या माणसाच्या तोंडी दिवसभर तोच शब्द. भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी "एक सूत डावीकडे घे", खुर्ची सरकवायची असली तरी "दोन सूत मागे". त्यावरून कुणीतरी त्याला सूत म्हणायला लागलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. झिजलेली इंजिनं बोअर करायची, म्हणजे सिलिंडर आतून कापून पुन्हा गोल करायचा, हा त्याचा धंदा. पुढे गॅरेज आणि मागे राहायच्या दोन खोल्या. माझं गाड्यांच्या सीट शिवायचं दुकान त्याच्या शेजारी. मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडे चमचा पडला तरी मला कळायचं.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, रंगारी. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सूतदादाने गॅरेज काढलं तेव्हा पाटी करायला वडिलांऐवजी त्यांची मुलगी शिडीवर चढली. हा खाली कमरेवर हात ठेवून उभा. म्हणाला, "ती खालची रेघ एक सूत वाकडी आलीय." ती मुकाट्याने खाली उतरली, त्याच्या हातात पट्टी दिली आणि म्हणाली, "मोजा." त्याने मोजली. रेघ सरळ होती, भिंत वाकडी होती. हा किस्सा तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "लग्न तेव्हाच ठरलं. घरच्यांना नंतर कळवलं." आतून वहिनींचा आवाज यायचा, "भिंत अजून तशीच आहे, तेही सांगा."

मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघं कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही, आणि मी सांगितलंच, भिंत पातळ होती. त्यांनी गाडी केली.

भंगारातून उचललेली एका सिलिंडरची जुनी मोटरसायकल होती ती. सूतदादाने तिची चासी कापून लांब केली, पुढचं चाक बदलून पाहिलं, पुन्हा बदललं. टाकी तर त्याने पत्र्यावर हातोडीने ठोकून ठोकून घडवली, पाण्याच्या थेंबासारखी, पुढे गोल आणि मागे निमुळती. सीट मी शिवली आणि तीनदा उसवली, कारण साहेबांना टाका एक सूत इकडे हवा होता. सगळं जुळून आल्यावर टाकी वहिनींच्या पुढ्यात गेली.

वहिनी रेघा ओढायला बसल्या की सूतदादाचा धातू कातायचा लेथ बंद. मीही शिलाई मशीनवरचा पाय उचलायचो. लांब केसांचा बारीक ब्रश रंगात बुडवायचा, काचेवर दोन-चार वेळा फिरवून त्याचं टोक करायचं, करंगळी टाकीच्या कडेला टेकवायची, श्वास आत घ्यायचा, आणि मग हात निघायचा. झाकणापासून निघालेली रेघ टाकीच्या कुशीवरून वळत खाली उतरायची, सीटपाशी दुसऱ्या बाजूच्या रेघेला मिळायची. मध्ये कुठे थांबणं नाही, जोड नाही. रेघ संपली की त्या श्वास सोडायच्या, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही. गर्द निळ्या रंगावर सायीच्या रंगाची ती रेघ बघायला लोक मुद्दाम गल्लीत यायचे. दरवर्षी बाईक शोच्या आधी वहिनी टाकी घासून कोरी करायच्या आणि नव्याने सुरुवात करायच्या. जुनं कितीही चांगलं असलं तरी त्यांना नवं काढायचं असायचं.

बाईक शो शहराबाहेरच्या मोठ्या हॉलमध्ये भरायचा. गालिच्यावर गाड्या, वर दिवे, हातात टॉर्च घेऊन वाकून बघणारे परीक्षक. रंगकामाचं बक्षीस पहिल्या वर्षापासून आमच्या गाडीला. नाव पुकारलं की सूतदादा वहिनींना पाठीवर हात ठेवून पुढे ढकलायचा आणि स्वतः गाडीशेजारी उभा राहून टाळ्या वाजवायचा. त्याचा अभिमान खरा होता. पण सर्वोत्तम गाडीचं बक्षीस दर वेळी दुसऱ्या कुणाकडे जायचं, आणि परतताना तो जरा गप्प असायचा, हेही खरं.

एका वर्षी एक परीक्षक इंजिनाजवळ उकिडवा बसला. टॉर्च फिरवली, उठला आणि हात झटकत म्हणाला, "बाहेरून बघत राहावी अशी आहे. आत मात्र कंपनीने दिलं तेच."

माणूस वाईट बोलला नव्हता. पण इंजिनाचं काम करणाऱ्याला तुझ्या गाडीचं इंजिन साधं आहे म्हणणं, म्हणजे शिंप्याला तुझ्या सदऱ्याचं बटण तुटलंय म्हणण्यासारखं.  घरी आल्यावर वहिनींनी बक्षीस फळीवर ठेवलं. हा म्हणाला, "आता इंजिन करतो."

"करा की," वहिनी म्हणाल्या.

त्या वर्षी त्यांनी टाकी नव्याने रंगवली नव्हती. आदल्या वर्षीचंच काम शोला गेलं होतं. विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "हेच छान आहे, राहू दे." आणि तरीही बक्षीस मिळालं, त्यामुळे कुणी त्याचा पुन्हा विचार केला नाही.

त्यानंतर वर्षभर सूतदादा त्या इंजिनातच राहायला गेला म्हणा ना. त्याला ताकद वाढवायची होती, आणि तीही बाहेरून काही न चिकटवता, मूळ इंजिनाच्या पोटातून. पिस्टनचा वर-खाली जाण्याचा पल्ला वाढवायचा, म्हणजे त्याला वर-खाली ढकलणारा क्रँक बदलायचा. अपघातात गेलेल्या एका मोठ्या गाडीचा क्रँक त्याने शोधून आणला आणि लेथवर उतरवत उतरवत आपल्या गाडीत बसेल असा केला. त्याला साजेसा लांब सिलिंडर स्वतः केला. सिलिंडरच्या वरच्या टोपीतल्या, म्हणजे हेडमधल्या, हवेच्या वाटा रुंद केल्या, व्हॉल्व्ह मोठे बसवले. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा त्याने गल्लीभर लोकांना बोलावलं होतं. पाच-दहा मिनिटं ते छान चाललं, मग घसा दाबल्यासारखा आवाज आला आणि जॅम. पिस्टन सिलिंडरला घट्ट चिकटून बसला होता. लोक पांगले. वहिनींनी चहा आणला आणि बाकावर ठेवला. "पुन्हा करा," एवढंच म्हणाल्या. पेला नेहमीसारखा हातात न देता त्या बाकावर का ठेवायला लागल्या होत्या, हे त्याने विचारलं नाही. तो पिस्टनवरचे ओरखडे बघत होता.

दुसऱ्यांदा त्याने पिस्टन आणि सिलिंडरमधली फट किंचित जास्त ठेवली, तेलाची वाट बदलली. इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. असा आवाज मी त्या गल्लीत ऐकला नव्हता. खोल, भरलेला, छातीत आधी पोचणारा आणि कानात नंतर. सूतदादाने हात पुसले, वहिनींकडे बघितलं आणि लहान पोरासारखा हसला.

मग टाकी बसवायला घेतली, तर ती बसेना. सिलिंडर लांब झाला म्हणजे हेड वर आलं, आणि टाकीचं पोट त्यावर टेकायला लागलं. टाकी उचलून बसवली तर गाडी पाठ वाकवलेल्या मांजरासारखी दिसू लागली. सूतदादा दोन दिवस तिच्याभोवती फिरत राहिला. मग वहिनींना बाहेर बोलावलं.

"अगं, टाकी खालून कापावी लागणार. पोट आत घ्यायचं, उजवी कूसही थोडी. वेल्डिंगची आच लागली की रंग जाणार सगळा."

वहिनी टाकीशी उभ्या राहिल्या. डावा हात त्यांनी रेघेवर ठेवला होता, उजवा ओढणीत गुंडाळलेला. 

"तुला नको असेल तर दुसरं काही बघतो," तो म्हणाला.

"दुसरं काय बघणार? कापा."

"तू काय, पुन्हा काढशीलच. दरवर्षी काढतेसच."

"हो," वहिनी म्हणाल्या. "कापा तुम्ही."

त्याने टाकी धुतली, पेट्रोलचा वासही राहू नये म्हणून पाण्याने भरून ठेवली, रिकामी केली, आणि ग्राइंडर लावला. वहिनी त्या वेळी माझ्या दुकानात येऊन बसल्या. कातड्याचे तुकडे चाळत होत्या. ग्राइंडरचा आवाज थांबला, मग वेल्डिंगचा चरचर आवाज सुरू झाला, आणि जळक्या रंगाचा वास भिंतीपलीकडून इकडे आला. "हा रंग चांगला आहे," त्या एका तुकड्याकडे बघून म्हणाल्या. तो साधा काळा तुकडा होता.

काम झालं तेव्हा टाकीवर झाकणाभोवती तेवढा निळा रंग वाचला होता, आणि त्यावर रेघेची सुरुवात. बाकी सगळं फुगून सुटलं होतं. सूतदादाने खरवडून त्यावर राखाडी अस्तर मारलं. झाकणाजवळचंही काढणार होता, तर वहिनी म्हणाल्या, "ते मी काढते."

आठवडा गेला. टाकी तशीच. शो जवळ आला होता. सूतदादाने एकदा विचारलं, दोनदा विचारलं. कधी वहिनींचं डोकं दुखत होतं, कधी रंग नीट घोटला जात नव्हता. मग एका सकाळी त्यांनी त्याला बाजारात पाठवलं, वार्निश आणायला. तो निघाला, कोपऱ्यावर गेला आणि पिशवी विसरली म्हणून परत आला.

वहिनी टाकीपुढे स्टुलावर बसल्या होत्या. राखाडी अस्तरावर सायीच्या रंगाच्या रेघाच रेघा होत्या, वीतभर वीतभर, प्रत्येक थरथरलेली, प्रत्येक अर्ध्यावर सोडलेली. काही पुसलेल्या. उजव्या हाताचं मनगट त्यांनी डाव्या हाताने घट्ट धरलं होतं, आणि तरीही ब्रशचं टोक नाचत होतं.

मी दुकान उघडत होतो. पुढचं मी भिंतीतून ऐकलं, आणि जे ऐकू आलं नाही ते त्याने मला पुढे कधीतरी सांगितलं.

"हे कधीपासून?" त्याने विचारलं.

"तुम्ही क्रँक आणलात ना, त्याच्याही आधीपासून."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. ताईबरोबर गेले होते." ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. "कंपवात म्हणाले. गोळ्या दिल्यात. त्या चालू आहेत."

"म्हणजे तुझ्या ताईला माहीत, आणि मला नाही."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही इंजिन सोडून दिलं असतं."

"दिलं असतंच की."

"म्हणून नाही सांगितलं."

 मग तो म्हणाला, "मग कापा का म्हणालीस? ती रेघ होती तर तशीच ठेवली असती. आयुष्यभर ठेवली असती."

"मला वाटलं, सकाळी हात जरा ऐकतो. एकदा येईल. शेवटची एक." त्या थांबल्या. "नाही आली."

त्याने त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. हात त्याच्या मुठीत चिमणीसारखा हलत राहिला, असं तो मला म्हणाला होता. "मला कसं दिसलं नाही गं?" त्याने विचारलं.

"तुम्ही मोजायला बसलात की मान कुठे वर करता," वहिनी म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं, असं त्याचं म्हणणं.

शोला जायचं नाही, हे त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं. वहिनींनी ऐकून घेतलं नाही. "वर्षभर मी हा हात ओढणीत लपवला तो काय गाडी गॅरेजात ठेवायला? दुसऱ्या कुणाकडून रंगवून घ्या."

"दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही तिला."

शेवटी त्याने अस्तर उतरवलं, त्या थरथरत्या रेघांसकट. ते करताना गॅरेजचं शटर ओढून घेतलं होतं. पत्रा घासून चकचकीत केला आणि वरून पारदर्शक वार्निश मारलं. वेल्डिंगचा जोड पोटाशी उघडा दिसत होता. झाकणाजवळचा निळा तुकडा मात्र ना त्यांनी काढला, ना त्याने.

हॉलमध्ये आमच्या गाडीभोवती गर्दी झाली ती इंजिनासाठी. सुरू करून दाखवा म्हणाले, त्याने सुरू केलं. बोलणी थांबली. परीक्षक पुन्हा उकिडवा बसला, आणि या वेळी बराच वेळ उठला नाही. कुठला भाग कसा केला ते विचारत राहिला. सूतदादा उत्तरं देत होता, पण परीक्षेत पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशी. उठताना परीक्षकाने टाकीवर बोट ठेवलं.

"हिचं काम राहून गेलं का? रंग तर तुमचा हुकमी."

 वहिनीच म्हणाल्या, "यंदा असंच ठेवलंय."

इंजिनाचं पहिलं बक्षीस त्याला मिळालं. सर्वोत्तम गाडीचंही मिळालं असतं, असं लोक म्हणत होते, टाकी पुरी असती तर. तो मंचावर गेला, ढाल घेतली, उतरला. त्या वेळच्या फोटोत तो ढालीकडे बघत नाही, खाली गर्दीत बघतोय.

तो वहिनींना शोधत होता. त्या जागेवर नव्हत्या. रंगकामाचं बक्षीस यंदा एका तरुण पोरीला मिळालं होतं, आणि वहिनी तिच्या गाडीपुढे वाकून उभ्या होत्या, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. त्या एकेक रेघ सुरुवातीपासून शेवटापर्यंत बघत होत्या. पोरगी अवघडली होती. तिने वहिनींना ओळखलं होतं.

"चुकलंय का काही?" तिने विचारलं.

"नाही गं. सुरेख आहे. फक्त वळणावर घाबरतेस तू, तिथे रेघ जाड होते. घाबरू नकोस, हाताला वाट माहीत असते." आणि मग जरा थांबून, "आहे तोवर भरपूर काढ," असं म्हणून त्या वळल्या. मागे सूतदादा ढाल घेऊन उभा होता.

परतताना वहिनी म्हणाल्या, गाडी टेम्पोत चढवू नका, हिच्यावरूनच जाऊ. मी टेम्पोतून मागून येत होतो. शहराच्या वेशीपाशी त्याने गाडी कडेला घेतली आणि हेल्मेट न काढता हँडलवर डोकं टेकून बसून राहिला. मला वाटलं इंजिन पुन्हा जॅम झालं. उतरून धावत गेलो. इंजिन ठणठणीत होतं. वहिनी मागे बसून त्याची पाठ थोपटत होत्या. मला म्हणाल्या, "काही नाही झालं, भाऊजी. मी एवढंच म्हटलं, की गाडी चालू असली की मला बरं वाटतं. सगळंच थरथरतं ना, मग माझा हात वेगळा कळत नाही."

त्यानंतर काही महिने तो रोज दुपारी काम टाकून त्यांना फिरवून आणायचा. गिऱ्हाइकं खोळंबायची, तो खोळंबू द्यायचा. गल्लीत तो आवाज शिरला की आम्हाला कळायचं दोघं आली. हळूहळू वहिनींना मागे तोल सांभाळेना. आधी त्याने पाठीला टेकू केला, मी त्याला गादी शिवली. मग एका वळणावर त्या कलल्या, तो वेळेवर थांबला म्हणून निभावलं. डॉक्टरांनी मनाई केली. फिरणं संपलं. ढाल आणि गाडी दोन्ही त्याने कापड टाकून झाकली. गाडी विकत घ्यायला माणसं आली, त्यांना तो दारातूनच परत पाठवायचा.

आता सकाळी तो त्यांची वेणी घालतो. पहिल्या दिवसांत भांग वाकडा यायचा आणि वहिनी हसायच्या. आता सरळ येतो. चहा त्याच्या हातून होतो, पेला त्याच्या हातून धरला जातो. लेथचं काम तो पूर्वीइतकंच चोख करतो, पण सूत हा शब्द त्याच्या तोंडून जवळजवळ गेलाच. नवीन लोकांना तर हे नाव कशावरून पडलं तेही ठाऊक नाही.

परवा एक जोडपं आलं. नवी गाडी घेतली होती. कुणाकडे तरी जुन्या शोचे फोटो बघितले होते त्यांनी, आणि तसलीच रेघ टाकीवर हवी होती.

"ते काम आता होत नाही," सूतदादा म्हणाला.

"दुसरीकडे कुठे होतं?"

"माहीत नाही."

वहिनी आत पलंगावर होत्या. त्यांचा आवाज आता फार बारीक झालाय, पण मला भिंतीतून अजून ऐकू येतो. "अहो," त्या म्हणाल्या, "त्यांना विचारा ना, कुठला रंग हवाय."

तो दोन पावलं आत गेला, परत बाहेर आला आणि त्याने विचारलं. हिरव्यावर सोनेरी, मुलगी म्हणाली. त्याने आत जाऊन सांगितलं.

"छान दिसेल," वहिनी म्हणाल्या.

त्याने बाहेर येऊन तेही सांगितलं. जोडपं जरा वेळ उभं राहिलं, आणखी काही सांगेल म्हणून. मग नमस्कार करून निघून गेलं. थोड्या वेळाने लेथ सुरू झाला.